आयर्लंडमधील हिवाळा आणि सार्वजनिक जीवन

आयर्लंडमधील हिवाळा तापमानाच्या दृष्टीने सौम्य असतो. तथापि लांब रात्री, वारंवार पडणारा पाऊस आणि अटलांटिक महासागरावरून येणारी वादळे यांमुळे त्याचा जनजीवनावर खोल परिणाम होतो. कडाक्याची थंडी व मोठी हिमवृष्टी या देशात क्वचितच होते, आणि म्हणूनच त्यांना तोंड देण्याची कायमची तयारी फारशी नसते. अशी आपत्ती ओढवली की रस्ते, पाणी, वीज, शाळा, वेतन आणि घरातील शेगडीचे इंधन हे नित्याचे विषय राष्ट्रीय चर्चेच्या केंद्रस्थानी येतात. या चर्चांतून काही वेळा शासनाच्या धोरणांतही बदल झाले आहेत.

हवामान

राजधानी डब्लिन सुमारे ५३ अंश उत्तर अक्षांशावर वसलेली आहे. याच अक्षांशावरील कॅनडाच्या लॅब्राडॉर प्रदेशात हिवाळ्यात सर्व काही गोठलेले असते. आयर्लंडला मात्र उत्तर अटलांटिक प्रवाहाची ऊब आणि नैर्ऋत्येकडून येणारे दमट वारे लाभतात. त्यामुळे जानेवारीतील सरासरी तापमान साधारणपणे ४ ते ७ अंश सेल्सिअस राहते. पाऊस बाराही महिने पडतो. पश्चिमेकडील डोंगराळ भागात तो पूर्व किनाऱ्यापेक्षा पुष्कळ अधिक असतो. डिसेंबरच्या अखेरीस डब्लिनमध्ये दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो.

महासागराचा प्रभाव कमी होऊन उत्तरेकडून वा पूर्वेकडून थंड हवा आली, तर चित्र पालटते. आयर्लंडमधील सर्वांत नीचांकी तापमान १६ जानेवारी १८८१ रोजी स्लायगो परगण्यातील मार्क्री येथे नोंदले गेले. ते उणे १९.१ अंश होते.

ऋतुगणना आणि लोकपरंपरा

आयरिश परंपरेनुसार हिवाळा १ नोव्हेंबरला सुरू होतो आणि १ फेब्रुवारीला, म्हणजे संत ब्रिजिडच्या दिवशी, वसंताचे आगमन होते. हवामानशास्त्र मात्र डिसेंबर, जानेवारी व फेब्रुवारी हे हिवाळ्याचे महिने मानते. त्यामुळे फेब्रुवारी वसंतात मोजावा की हिवाळ्यात, हा घरोघरी रंगणारा वाद आहे. संत ब्रिजिडच्या दिवसानिमित्त २०२३ पासून सार्वजनिक सुट्टी दिली जाते.

मीथ परगण्यातील न्यूग्रेंज हे सुमारे ५,००० वर्षांपूर्वीचे दगडी स्मारक आहे. हिवाळी अयनाच्या सुमारास, आकाश निरभ्र असेल तर, उगवत्या सूर्याचे किरण त्याच्या अंतर्भागातील दालनात सुमारे १७ मिनिटे पोहोचतात. त्या वेळी आत प्रवेश मिळणाऱ्या मोजक्या व्यक्ती सोडत काढून निवडल्या जातात.

आयरिश भाषेत हवामान आणि काळ या दोन्ही अर्थांनी ‘आमशिर’ हा एकच शब्द वापरतात; व्याकरणातील क्रियापदाच्या काळालाही हेच नाव आहे. झिमझिम पावसाच्या दमट, निवांत दिवसाला आयरिश लोक ‘मऊ दिवस’ म्हणतात. अनोळखी माणसाशी बोलण्यास सुरुवात करण्याचा हवामान हा तेथील सर्वमान्य विषय आहे.

हवामानवार्ता आणि इशारे

आयर्लंडच्या राष्ट्रीय हवामान सेवेची स्थापना १९३६ मध्ये झाली. ‘मेट एरन’ या नावाने ती ओळखली जाते. आरटीई या सार्वजनिक प्रसारण संस्थेवरील हवामानवार्ता हा बातम्यांचा अविभाज्य भाग असून शेतकरी व मच्छीमार यांचे दैनंदिन नियोजन तिच्यावर अवलंबून असते. २०१५ पासून मेट एरन व ब्रिटनची हवामान सेवा मिळून वादळांना नावे देतात. या उपक्रमात २०१९ मध्ये नेदरलँड्सही सहभागी झाले.

धोक्याचे इशारे पिवळा, नारिंगी आणि लाल अशा तीन स्तरांचे असतात. पिवळा इशारा सावधगिरीचा, नारिंगी पूर्वतयारीचा, तर लाल इशारा जीविताचे रक्षण करण्यासाठी तत्काळ कृती करण्याचा असतो. मोठ्या आपत्तीत विविध खात्यांचा राष्ट्रीय आपत्कालीन समन्वय गट कार्यरत होतो आणि त्याच्या पत्रकार परिषदा दूरचित्रवाणीवरून थेट दाखवल्या जातात.

स्मरणात राहिलेले हिवाळे

१८३९ : ६ जानेवारीच्या रात्री झालेले चक्रीवादळ ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ या नावाने लोकस्मृतीत राहिले. या वादळाचा प्रशासनाशी सत्तर वर्षांनी अनपेक्षित संबंध आला. १९०८ च्या कायद्याने सत्तरी गाठलेल्या गरीब वृद्धांना निवृत्तिवेतन देण्याची तरतूद झाली आणि जानेवारी १९०९ पासून ते मिळू लागले. तथापि आयर्लंडमध्ये जन्मांची सक्तीची नागरी नोंदणी १८६४ पासूनच सुरू झाली होती. त्यामुळे अनेक वृद्धांजवळ वयाचा दाखला नव्हता. अशा वेळी ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ आठवते, असे सांगणे हा वयाचा पुरावा मानला जाई.

१९४७ : महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात ही दीर्घ थंडी पडली. ब्रिटनमधून येणारा कोळसा अपुरा होता आणि २४-२५ फेब्रुवारीच्या बर्फवादळाने अनेक गावांचा संपर्क तुटला.

१९८२ : जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मोठी हिमवृष्टी झाली. मदतकार्याची जबाबदारी उपपंतप्रधान मायकल ओलिअरी यांच्याकडे आली आणि लोकांनी त्यांना ‘बर्फमंत्री’ हे नाव दिले. त्याच महिन्याच्या २७ तारखेला अर्थसंकल्पावरील मतदानात गॅरेट फिट्झजेराल्ड यांचे सरकार कोसळले. मुलांच्या कपड्यांवर व पादत्राणांवर कर लावण्याचा प्रस्ताव त्या वेळी विशेष वादग्रस्त ठरला होता.

२०१० : जानेवारीतील गोठणाऱ्या थंडीत रस्त्यांवर टाकण्याच्या मिठाचा तुटवडा पडला. वाहतूकमंत्री नोएल डेम्पसी त्या सुमारास माल्टा येथे सुट्टीवर असल्याने टीकेचे लक्ष्य झाले. नोव्हेंबरच्या अखेरीस पुन्हा बर्फ पडू लागला. याच दिवसांत देशाने युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्याकडून ८५ अब्ज युरोंच्या साहाय्य योजनेला मान्यता दिली. २५ डिसेंबर रोजी मेयो परगण्यातील स्ट्रेड येथे तापमान उणे १७.५ अंशांपर्यंत उतरले. बर्फ वितळताच जलवाहिन्या फुटल्या आणि अनेक शहरांत रात्रीचा पाणीपुरवठा बंद ठेवावा लागला.

२०१८ : पूर्वेकडून आलेली शीतलहर आणि ‘एमा’ वादळ यांमुळे २८ फेब्रुवारीपासून देश ठप्प झाला. पंतप्रधान लिओ वराडकर यांनी १ मार्चच्या दुपारनंतर घराबाहेर न पडण्याचे आवाहन केले. (वराडकर यांचे पितृघराणे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील वराड या गावचे आहे.) दुकानांतील पाव संपल्यामुळे रिकाम्या फळ्यांची छायाचित्रे सर्वत्र पसरली आणि ‘पाव मिळाला का?’ हा काही दिवस चालणारा राष्ट्रीय विनोद ठरला.

२०२५ : २४ जानेवारीच्या ‘एओविन’ वादळात गॉलवे परगण्यातील मेस हेड येथे ताशी १८० किलोमीटरपेक्षा अधिक वेगाचा वारा नोंदला गेला. १९४५ मधील राष्ट्रीय उच्चांक त्याने मोडला. संपूर्ण बेटावर लाल इशारा देण्यात आला होता. तब्बल ७ लाख ६८ हजार ग्राहकांचा वीजपुरवठा खंडित झाला. पश्चिम व वायव्य भागांतील काही घरे दोन आठवड्यांपर्यंत अंधारात होती.

सार्वजनिक चर्चेचे विषय

काम आणि वेतन : लाल इशारा असताना घरी थांबावे, असे शासन सांगते. परंतु हवामानामुळे कामावर न जाता आल्यास वेतन मिळण्याचा सर्वसाधारण कायदेशीर हक्क तेथे नाही. कार्यालयीन कर्मचारी घरून काम करू शकतो. दुकानातील, उपाहारगृहातील वा घरपोच सेवेतील कामगाराला तो पर्याय नसतो. त्यामुळे सुरक्षिततेचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न प्रत्येक मोठ्या इशाऱ्याबरोबर पुढे येतो. इशारा देऊनही वादळ सौम्य ठरले, तर शाळा उगाच बंद ठेवल्याची तक्रार होते. इशारा उशिरा दिला, तर हलगर्जीपणाचा आरोप होतो.

शेजारधर्म आणि उत्तरदायित्व : घरासमोरचा बर्फ आपण हटवला आणि नंतर तेथे कोणी घसरून पडले, तर नुकसानभरपाई आपल्याला द्यावी लागेल, अशी भीती अनेकांना वाटत असे. बर्फ हटवल्याने असे दायित्व येते ही समजूत चुकीची आहे, असे शासनाने नंतर स्पष्ट केले. मात्र त्यासाठी उकळते पाणी वापरू नये, कारण ते गोठून अधिक धोकादायक बर्फ तयार होतो, असेही बजावले. २०११ पासून शासन हिवाळी सज्जतेची मोहीम राबवते.

पाणी : २०१० च्या टंचाईने जुन्या जलवाहिन्यांतील गळती उघड केली. साहाय्य योजनेच्या अटींत घरगुती पाण्यावर शुल्क लावण्याचाही समावेश होता. २०१३ मध्ये राष्ट्रीय जलकंपनी स्थापन झाली आणि २०१४ मध्ये शुल्काची आकारणी सुरू होताच देशभर प्रचंड मोर्चे निघाले. अखेर २०१६ मध्ये हे शुल्क स्थगित करण्यात आले.

इंधन : ग्रामीण भागात पीट, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली वनस्पतिजन्य माती, पिढ्यान्‌पिढ्या जाळली जाते. ते अनेकांसाठी स्वस्त इंधन व कौटुंबिक परंपरा आहे. परंतु त्याचा धूर आरोग्याला घातक असून दलदली नष्ट झाल्याने साठलेला कार्बनही मुक्त होतो. डब्लिनमध्ये धूर सोडणाऱ्या कोळशाच्या विक्रीवर १९९० मध्ये बंदी आली आणि हवेतील काजळीचे प्रमाण लक्षणीय घटले. ३१ ऑक्टोबर २०२२ पासून धूर सोडणाऱ्या इंधनांवर देशव्यापी निर्बंध लागू झाले. त्यांनुसार दुकानांतून व जाहिरातीद्वारे पीट विकता येत नाही, मात्र दलदलीवर पारंपरिक हक्क असणारे ते स्वतःसाठी कापू शकतात. अल्प उत्पन्न गटांतील कुटुंबांना हिवाळ्यात साप्ताहिक इंधनभत्ता मिळतो.

वीज : विखुरलेल्या ग्रामीण घरांपर्यंत लाकडी खांबांवरून वीज जाते. अनेक घरांना स्वतःच्या विहिरीचे पाणी पंपाने मिळते. त्यामुळे वीज गेली की पाणीही थांबते आणि काही काळाने मोबाइल मनोरेही बंद पडतात. घरी वैद्यकीय उपकरणांवर अवलंबून असणाऱ्या रुग्णांचा प्रश्न तर जीवनमरणाचा असतो. ‘एओविन’नंतर वाहिन्यांलगतची झाडे हटवणे, प्रत्येक गावात जनित्र असलेले एखादे मदतकेंद्र ठेवणे आणि खंडित पुरवठ्याबद्दल भरपाई देणे या मागण्यांवर जोरदार चर्चा झाली.