मुंबई इंडियन्स संघाचे खेळाडू कायम राखण्याविषयीचे निर्णय

मुंबई इंडियन्स हा इंडियन प्रीमियर लीग (आयपीएल) या ट्वेंटी-२० क्रिकेट स्पर्धेतील मुंबई शहराचा संघ आहे. स्पर्धेतील खेळाडूंचे करार ठरावीक वर्षांनी एकाच वेळी संपतात. त्यानंतर होणाऱ्या मोठ्या लिलावापूर्वी प्रत्येक संघाला काही मोजके खेळाडू ठरलेल्या रकमेत आपल्याकडे ठेवता येतात. याला क्रीडावर्तुळात 'रिटेन्शन' म्हणतात. मुंबई इंडियन्सने असे निर्णय २०११, २०१४, २०१८, २०२२ आणि २०२५ या हंगामांपूर्वी घेतले. संघाने २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच विजेतेपदे मिळवली. रोहित शर्मा आणि कायरन पोलार्ड हे दोघे या पाचही विजयी संघांत होते. २०२२ च्या हंगामापूर्वी सोडलेला हार्दिक पंड्या मात्र त्याच वर्षी दुसऱ्या संघाचा कर्णधार म्हणून विजेता ठरला आणि मुंबईचा संघ गुणतालिकेत शेवटच्या स्थानावर राहिला.

पार्श्वभूमी

करार संपलेल्या खेळाडूला आपला पुढचा संघ निवडता यावा, ही कल्पना व्यावसायिक क्रीडाक्षेत्रात अमेरिकेतील बेसबॉलमध्ये ठळकपणे पुढे आली. तेथे दीर्घकाळ करारातील राखीव कलमामुळे खेळाडू एकाच संघाशी बांधलेला राहत असे. डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या गोलंदाजांच्या बाजूने निवाडा दिला आणि हे बंधन सैल झाले. मेजर लीग बेसबॉलमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण केलेला खेळाडू करार संपताच मुक्त होतो व कोणत्याही संघाशी स्वतः वाटाघाटी करू शकतो.

आयपीएलची पद्धत यापेक्षा वेगळी आहे. येथे करार संपलेला खेळाडू एकाच वेळी अनेक संघांशी बोलणी करत नाही. तो जुन्या संघाकडे राहण्यास संमती देतो किंवा लिलावात उतरतो. लिलावात त्याची किंमत व संघ बोलीवर ठरतात. निवड त्याच्या हाती नसते. हा नियम किती कठोरपणे पाळला जातो हे २०१० मध्ये दिसले. राजस्थान रॉयल्सशी कराराचे नूतनीकरण न करता अन्य संघाशी बोलणी केल्याबद्दल रवींद्र जडेजाला त्या हंगामातून निलंबित करण्यात आले.

नियमांची रचना

प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करण्यासाठी समान कमाल रक्कम दिली जाते. तिला 'पर्स' म्हणतात. कायम राखलेल्या प्रत्येक खेळाडूमागे या रकमेतून ठरावीक वजावट होते. त्यामुळे अधिक खेळाडू राखल्यास जुना गाभा टिकतो, परंतु उरलेला संघ उभारण्यासाठी हाती कमी पैसे राहतात. कमी खेळाडू राखल्यास लिलावात मोकळीक मिळते, मात्र ओळखीचे खेळाडू गमावण्याचा धोका वाढतो.

काही लिलावांत संघांना 'राइट टू मॅच' हा अधिकारही होता. जुन्या खेळाडूवर दुसऱ्या संघाने लावलेल्या अंतिम बोलीइतकी रक्कम देऊन तो परत घेण्याची मुभा या अधिकाराने मिळते. २०२५ च्या हंगामासाठी त्यात बदल करण्यात आला. जुन्या संघाने अधिकार वापरण्याची तयारी दाखवल्यास सर्वोच्च बोली लावणाऱ्या संघाला रक्कम वाढवण्याची आणखी एक संधी मिळू लागली. बाजारभावापेक्षा कमी किमतीत खेळाडू परत मिळण्याची शक्यता त्यामुळे घटली.

२००८ ते २०११

२००८ मधील पहिल्या लिलावापूर्वी पाच संघांना आपल्या शहराशी किंवा प्रदेशाशी नाते असलेला एक 'आयकॉन' खेळाडू देण्यात आला होता. मुंबईसाठी हा मान सचिन तेंडुलकरला मिळाला. आयकॉन खेळाडूचे मानधन संघातील सर्वांत महागड्या खेळाडूपेक्षा १५ टक्के अधिक असे. मुंबईने सनत जयसूर्याला ९,७५,००० डॉलरना घेतल्याने तेंडुलकरचे मानधन ११,२१,२५० डॉलर ठरले. पुढे २०२३ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगनेही आयकॉन खेळाडूची कल्पना स्वीकारली. छत्रपती संभाजीनगरच्या 'छत्रपती संभाजी किंग्स' संघासाठी मूळच्या तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरची निवड झाली होती.

२०११ मध्ये आयपीएलच्या संघांना प्रथमच चार खेळाडू कायम राखण्याची मुभा मिळाली. मुंबईने सचिन तेंडुलकर, हरभजन सिंग, कायरन पोलार्ड आणि लसिथ मलिंगा यांना राखले. त्यांच्यापोटी ९० लाख डॉलरच्या पर्समधून ४५ लाख डॉलर, म्हणजे निम्मी रक्कम वजा झाली. त्याच लिलावात मुंबईने २० लाख डॉलरना रोहित शर्माला घेतले. त्याच्या आधीच्या डेक्कन चार्जर्स संघाने एकही खेळाडू राखला नव्हता. एका संघाने मोकळा केलेला खेळाडू दुसऱ्या संघाचा दशकभराचा आधार कसा होऊ शकतो, याचे हे उदाहरण ठरले. रोहितने २०१३ च्या हंगामात कर्णधारपद स्वीकारले आणि त्याच वर्षी संघाला पहिले विजेतेपद मिळाले.

२०१४ आणि २०१८

तेंडुलकरने २०१३ च्या विजेतेपदानंतर आयपीएलमधून निवृत्ती घेतली. २०१४ पूर्वी मुंबईने रोहित शर्मा, लसिथ मलिंगा, कायरन पोलार्ड, हरभजन सिंग आणि अंबाती रायुडू या पाच जणांना राखले. पाच खेळाडूंसाठीची वजावट अनुक्रमे १२.५, ९.५, ७.५, ५.५ आणि ४ कोटी, म्हणजे एकूण ३९ कोटी रुपये होती. ६० कोटींच्या पर्समधून लिलावासाठी केवळ २१ कोटी उरले. २०१४ च्या हंगामात संघाने पहिले पाच सामने गमावले, तरीही बाद फेरी गाठली. पुढील वर्षी याच गाभ्यासह त्याने दुसरे विजेतेपद मिळवले. २०१५ मध्येच हार्दिक पंड्या १० लाख रुपये या मूळ किमतीत संघात आला.

२०१८ मध्ये पर्स ८० कोटींची होती. मुंबईने रोहित शर्मा (१५ कोटी), हार्दिक पंड्या (११ कोटी) आणि जसप्रीत बुमराह (७ कोटी) यांना राखले. लिलावात राइट टू मॅच वापरून कृणाल पंड्याला ८.८० कोटींना आणि पोलार्डला ५.४० कोटींना परत घेण्यात आले. याच लिलावात सूर्यकुमार यादव ३.२० कोटींना आणि ईशान किशन ६.२० कोटींना संघात आले. सूर्यकुमार पूर्वी मुंबईकडेच होता. मधली चार वर्षे तो कोलकाता नाइट रायडर्सकडून खेळला. २०१९ आणि २०२० ची विजेतेपदे याच रचनेतून मिळाली.

२०२२

२०२२ मध्ये लखनौ आणि अहमदाबाद असे दोन नवे संघ स्पर्धेत आले. जुन्या आठ संघांना जास्तीत जास्त चार खेळाडू राखता येणार होते. उरलेल्यांतून प्रत्येकी तीन खेळाडू लिलावापूर्वीच निवडण्याचा अधिकार नव्या संघांना होता. राइट टू मॅचची सोय या वेळी नव्हती. त्यामुळे सोडलेला खेळाडू परत मिळेलच याची खात्री देता येत नव्हती.

मुंबईने रोहित शर्मा (१६ कोटी), जसप्रीत बुमराह (१२ कोटी), सूर्यकुमार यादव (८ कोटी) आणि कायरन पोलार्ड (६ कोटी) यांना राखले. ९० कोटींपैकी ४२ कोटी येथेच खर्च झाले. ज्यांना सोडावे लागले त्यांचे पुढे असे झाले :

• हार्दिक पंड्या – लिलावापूर्वीच अहमदाबाद संघाने (गुजरात टायटन्स) १५ कोटींना निवडले व कर्णधार केले.
• ईशान किशन – मुंबईने लिलावात १५.२५ कोटींना परत घेतले.
• कृणाल पंड्या – लखनौ सुपर जायंट्स, ८.२५ कोटी.
• ट्रेंट बोल्ट – राजस्थान रॉयल्स, ८ कोटी.
• क्विंटन डी कॉक – लखनौ सुपर जायंट्स, ६.७५ कोटी.
• राहुल चहर – पंजाब किंग्स, ५.२५ कोटी.

हार्दिकला सोडण्यामागे त्या वेळची परिस्थिती लक्षात घ्यावी लागते. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर त्याने २०२० आणि २०२१ या दोन्ही हंगामांत मुंबईसाठी गोलंदाजी केली नव्हती. अष्टपैलू म्हणून त्याचे मूल्य त्यामुळे अनिश्चित झाले होते. पोलार्डच्या अनुभवावर संघाचा विश्वास कायम होता.

निकाल मात्र उलटा लागला. २०२२ मध्ये मुंबईने पहिले आठ सामने गमावले आणि १४ पैकी केवळ ४ सामने जिंकून संघ दहाव्या स्थानी राहिला. पोलार्डने ११ सामन्यांत १४४ धावा केल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयपीएलमधून निवृत्ती घेतली. पुढे तो संघाचा फलंदाजी प्रशिक्षक झाला. हार्दिकने ४८७ धावा करत गुजरातला पदार्पणातच विजेतेपद मिळवून दिले आणि अंतिम सामन्यात १७ धावांत ३ बळी घेतले. मुंबईसाठी दिलासा देणारी बाब एकच होती. लिलावात १.७० कोटींना घेतलेल्या तिलक वर्माने ३९७ धावा केल्या आणि पुढच्या गाभ्यातील एक खेळाडू संघाला मिळाला.

हार्दिक पंड्याचे पुनरागमन

नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईने खेळाडू-अदलाबदलीच्या नियमाखाली हार्दिकला गुजरातकडून परत मिळवले. त्यासाठी लागणारी जागा व रक्कम उपलब्ध करताना कॅमेरॉन ग्रीनला रॉयल चॅलेंजर्स बंगळूरकडे देण्यात आले. १५ डिसेंबर २०२३ रोजी रोहित शर्माच्या जागी हार्दिकची कर्णधार म्हणून घोषणा झाली. चाहत्यांच्या एका मोठ्या वर्गाला हा बदल रुचला नाही. २०२४ च्या हंगामात खुद्द वानखेडे स्टेडियमवर प्रेक्षकांनी हार्दिकविरुद्ध नाराजी व्यक्त केली. संघाने पुन्हा ४ सामने जिंकले आणि पुन्हा शेवटचे स्थान मिळवले.

२०२५

२०२५ पूर्वी पर्स १२० कोटींची झाली. संघाला रिटेन्शन आणि राइट टू मॅच मिळून सहा खेळाडू ठेवता येणार होते. त्यांत आंतरराष्ट्रीय सामने खेळलेले जास्तीत जास्त पाच असू शकत होते. या पाच जणांसाठी १८, १४, ११, १८ आणि १४ कोटी असे टप्पे होते. चौथा आणि पाचवा खेळाडू पुन्हा महाग ठेवल्याने सर्व जण राखणे खर्चिक व्हावे, अशी ही रचना होती. मात्र एकूण ७५ कोटींची रक्कम पाच खेळाडूंमध्ये कशी वाटायची, याचे स्वातंत्र्य संघाला होते.

मुंबईने याच स्वातंत्र्याचा उपयोग केला. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी जाहीर झालेल्या यादीत बुमराह १८ कोटी, सूर्यकुमार व हार्दिक प्रत्येकी १६.३५ कोटी, रोहित १६.३० कोटी आणि तिलक वर्मा ८ कोटी अशी विभागणी होती. बेरीज नेमकी ७५ कोटी. संघाला पाच विजेतेपदे मिळवून देणारा रोहित मानधनाच्या क्रमात चौथा होता. जून २०२४ मध्ये त्याने आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२० क्रिकेटमधून निवृत्ती घेतली होती. या प्रकारात देशाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंना प्राधान्य मिळावे, अशी भूमिका त्याने मांडली.

जेद्दाह येथे २४ व २५ नोव्हेंबर २०२४ रोजी झालेल्या लिलावात मुंबईकडे ४५ कोटी उरले होते. त्यातून ट्रेंट बोल्ट (१२.५० कोटी) परत आला, दीपक चहर (९.२५ कोटी) नव्याने आला आणि राइट टू मॅच वापरून नमन धीरला ५.२५ कोटींना ठेवण्यात आले. ईशान किशन ११.२५ कोटींना सनरायझर्स हैदराबादकडे, तर नेहाल वढेरा ४.२० कोटींना पंजाब किंग्सकडे गेला.

२०२५ च्या हंगामात सूर्यकुमारने ७१७ धावा केल्या, बोल्टने २२ बळी घेतले आणि संघ दुसऱ्या पात्रता सामन्यापर्यंत पोहोचला. तेथे पंजाबने मुंबईचा पराभव केला. त्या सामन्यात २०४ धावांच्या पाठलागात ४८ धावांची महत्त्वाची खेळी वढेराची होती.

महिला संघ

विमेन्स प्रीमियर लीगमध्ये मुंबई इंडियन्सच्या महिला संघाने २०२३ आणि २०२५ मध्ये विजेतेपद मिळवले. २०२६ च्या हंगामापूर्वी १५ कोटींच्या पर्समधून संघाने पाच खेळाडू राखल्या : नॅट सिव्हर-ब्रंट (३.५ कोटी), हरमनप्रीत कौर (२.५ कोटी), हेली मॅथ्यूज (१.७५ कोटी), अमनजोत कौर (१ कोटी) आणि जी. कमलिनी (५० लाख). येथेही कर्णधार सर्वांत महागडी खेळाडू नव्हती. पाचही जागा भरल्याने राइट टू मॅच उरला नाही. त्यामुळे अमेलिया करला लिलावात थेट बोली लावून ३ कोटींना परत घ्यावे लागले.

मूल्यमापन

मुंबई इंडियन्सच्या निर्णयांत एक सातत्य दिसते. नियमांनी परवानगी दिली तेवढे खेळाडू राखायचे आणि उरलेल्या मर्यादित पैशांत संघाची बाकी जुळवाजुळव करायची. सेवेत असलेल्या गाभ्याचे खेळाडू ऐन भरात असताना, म्हणजे २०१४ आणि २०१८ मध्ये, हे धोरण फलदायी ठरले. २०२२ मध्ये तेच धोरण अपयशी झाले, कारण राखलेल्यांपैकी पोलार्ड कारकिर्दीच्या अखेरीस होता आणि सोडलेला हार्दिक पुन्हा पूर्ण अष्टपैलू होण्याच्या मार्गावर होता. रिटेन्शनमध्ये संघ खेळाडूच्या मागील कामगिरीच्या आधारे पुढील तीन वर्षांची किंमत मोजतो. सूर्यकुमार, हार्दिक आणि बोल्ट यांच्या बाबतीत मुंबईला सोडलेला खेळाडू परत मिळवावा लागला. हार्दिकसाठी तर तिला दुसऱ्या एका प्रमुख खेळाडूला मुकावे लागले, नेतृत्वबदलाची नाराजी सोसावी लागली आणि तरीही त्या वर्षी शेवटचे स्थान टाळता आले नाही.