नळ आला, आता झरा जपायचा

मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातून निघून लालबागेकडे गेले की कुंडी भंडारा लागतो. विहिरीसारख्या गोल कुंडातून लिफ्टने सुमारे ८० फूट खाली उतरायचे. खाली अरुंद भुयार, भिंतींवर चुन्याची पांढरी पुटे आणि पायांखालून वाहणारे नितळ पाणी. सातपुड्यात मुरलेला पाऊस जमिनीखालून तापीकडे झिरपतो. त्याला वाटेत गाठून नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणायचे, अशी ही योजना. मुघल सरदार अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास ती उभी राहिली. शंभराच्या आसपास कुंड, त्यांना जोडणारे भुयार, आणि पंप एकही नाही. छत्रपती संभाजीनगरची (पूर्वीच्या औरंगाबादची) नहर-ए-अंबरी ही भुयारी पाणीयोजना पाहिलेल्यांना ही रीत लगेच ओळखीची वाटेल. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत कुंडी भंडाऱ्याचे नाव आले.

गरिबीचा प्रश्न समजून घ्यायलाही हे भुयार उपयोगी आहे, कारण गरिबीची गाठ पाण्याशी आहे.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे ठरवली. पहिले उद्दिष्ट २०३० पर्यंत गरिबी संपवण्याचे, सहावे सर्वांना पाणी आणि स्वच्छता देण्याचे. कागदावर ही दोन वेगळी असली, तरी डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईसाठी ती एकच आहेत. नीती आयोगाचा बहुआयामी गरिबी निर्देशांक हेच मानतो. तो घरातल्या पैशापुरता थांबत नाही. पोषण, शाळा, वीज, घर, बँक खाते असे १२ निकष तपासतो. पिण्याचे सुरक्षित पाणी आणायला जाऊन-येऊन अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागत असेल, तर त्या निकषावर ते घर वंचित ठरते. या मापाने २०१५-१६ मध्ये देशातले २४.८५ टक्के लोक गरीब होते. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण १४.९६ टक्क्यांवर आले. मध्य प्रदेशात ते ३६.५७ वरून २०.६३ टक्के झाले.

बुऱ्हाणपूर जिल्ह्याने याच काळात मोठी मजल मारली. १५ ऑगस्ट २०१९ रोजी ग्रामीण घरांना नळाने पाणी देण्यासाठी जलजीवन मिशन सुरू झाले, तेव्हा जिल्ह्यातल्या १,०१,९०५ ग्रामीण घरांपैकी ३७,२४१ घरांत नळ होता. जुलै २०२२ मध्ये सर्व २५४ गावांच्या ग्रामसभांनी ठराव करून घरोघरी नळ आल्याचे प्रमाणित केले, आणि बुऱ्हाणपूर हा देशातला पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा ठरला. ठराव ग्रामसभेने करायचा, ही या साऱ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट. पाणी आले की नाही, हे ज्याच्या घरात नळ आहे त्यानेच सांगितलेले बरे.

तरीही नळ आला म्हणजे गरिबी गेली, असे म्हणता येत नाही. बुऱ्हाणपूर शहरातल्या यंत्रमागावर कोरे कापड विणणाऱ्या कारागिराला मीटरवर मजुरी मिळते. माग थांबला की कमाई थांबली. त्याला घरातल्या पाण्याइतकीच बारमाही कामाची आणि आजारपणात हाताशी असलेल्या पैशाची गरज आहे. नळामुळे घरातल्या बाईचा वेळ वाचतो, मुलगी वेळेवर शाळेत जाते, दूषित पाण्याचे आजार आणि त्यांवरचा खर्च टळतो. एवढे झाले तरी ते थोडे नव्हे.

खरी काळजी पुढची आहे. नळाची तोटी दाराशी असली, तरी पाणी जमिनीतूनच यायचे. या जिल्ह्याची कमाई केळीवर आहे, शेजारच्या रावेर-मुक्ताईनगरचीही तीच गत, आणि केळीला जवळपास वर्षभर ओल लागते. कूपनलिका खोल जात राहिल्या, तर ज्याच्याकडे पैसा आहे तोच आणखी खोल जाईल आणि गावची सामायिक विहीर आधी आटेल. म्हणजे टंचाईचा पहिला फटका पुन्हा गरिबालाच.

उपाय कुंडी भंडाऱ्याच्या रचनेतच दिसतो. सातपुड्याच्या पायथ्याचा सच्छिद्र पट्टा पाणी भरभर पिऊन घेतो. तापीचे पावसाळी पाणी याच पट्ट्यात मुरवण्यासाठी १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांनी तापी खोरे महापुनर्भरण प्रकल्पाचा करार केला. एवढ्या मोठ्या कामाला वर्षे लागतील. तोवर ठिबक, शेततळी, ओढ्यांवरचे छोटे बंधारे ही कामे गावांना स्वतःच्या बळावर करता येतात, आणि ती आधी व्हायला हवीत.

पाणी समितीच्या पुढच्या बैठकीला वाचकांनी जरूर जावे. नळजोडण्या किती झाल्या हे विचारून झाले, की गावच्या विहिरीची मे महिन्यातली पातळी दरवर्षी कोण मोजते, हेही विचारावे.