पाचिको नाखवा आणि देवमासा

आपल्या कोकणात ह्या प्राण्याला देवमासा म्हणतात. नावातच देव आहे. दूर मेक्सिको देशाच्या किनाऱ्यावर मात्र देवमाशाच्याच एका जातीला लोक सैतान-मासा म्हणत. असे का, आणि एका कोळ्याने हे नाव कसे पुसून टाकले, ते आज आपण वाचू.

मेक्सिकोच्या पश्चिमेला जमिनीची एक लांबलचक, अरुंद पट्टी समुद्रात गेली आहे. तिचे नाव बाहा कॅलिफोर्निया. सगळा मुलूख कोरडा. पाऊस कमी, निवडुंग फार. तिथे सान इग्नासिओ नावाची खारी खाडी आहे. पाणी उथळ, उबदार आणि शांत. दर हिवाळ्यात करडे देवमासे ह्या खाडीत येतात. इथे माद्या वितात आणि पिल्लांना वाढवतात.

मासा आणि वितो? हो, कारण देवमासा हा मासा नाहीच. त्याला कल्ले नसतात, फुप्फुसे असतात. श्वास घ्यायला त्याला पाण्याच्या वर यावेच लागते. त्याचे रक्त आपल्यासारखे गरम. मादी पिल्लाला अंगावर पाजते. तिचे दूध इतके दाट की त्यात जवळजवळ निम्मी चरबी असते. पिल्लू जन्मतःच 15 फूट लांब, आणि आई 40-45 फूट, वजन तीस टनांच्या घरात. उन्हाळ्यात हे देवमासे उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात जातात. तिथे तळाचा चिखल उपसून त्यातले बारीक किडे खातात. हिवाळ्यात खाडीकडे परततात. एका खेपेला 8 ते 10 हजार किलोमीटर! ह्या प्रवासात आणि खाडीत ते जवळजवळ उपाशीच असतात. उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर निभावतात.

आता सैतानाचे सांगतो. 1857 च्या सुमारास चार्ल्स स्कॅमन नावाच्या अमेरिकन कप्तानाने जवळच्याच एका खाडीत शिकार सुरू केली. त्या काळी दिव्याला तेल लागे, आणि देवमाशाच्या चरबीतून पिंपेच्या पिंपे तेल निघे. शिकारी पिल्लावर भाला टाकीत, म्हणजे आई जवळ येई. आई चवताळून यायचीच. शेपटीच्या एका फटक्यात होडी फुटे, माणसे मरत. म्हणून हा सैतान-मासा! पिल्लू कोणी मारले, हे मात्र नाव ठेवणाऱ्यांनी पाहिले नाही. थोड्याच वर्षांत खाड्या रिकाम्या झाल्या. पुढे 1946 मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, शिकारीला आळा बसला आणि देवमासे हळूहळू वाढू लागले. भीती मात्र मागे राहिली. खाडीतले कोळी देवमासा दिसला की होडी दूर नेत. होडीची कड वल्ह्याने बडवीत, म्हणजे आवाजाने तो लांब जावा.

फ्रान्सिस्को मायोराल हे त्याच खाडीतले कोळी. सगळे त्यांना पाचिको म्हणत. आपल्याकडे त्यांना नाखवा म्हटले असते, म्हणून आम्हीही नाखवाच म्हणू. 1972 सालची गोष्ट. नाखवा एका साथीदाराबरोबर छोट्या होडीतून मासेमारीला गेले होते. तेवढ्यात एक प्रचंड देवमासा होडीच्या अगदी जवळ आला. पळायला वाट नाही. दोघांची भीतीने गाळण उडाली. देवमासा होडीखालून जाई, ह्या बाजूने डोके काढी, पुन्हा त्या बाजूने काढी. होडीला अंग घाशी. उलटवीत मात्र नव्हता. बराच वेळ गेला. शेवटी नाखवांनी हात पुढे केला आणि भीत भीत त्याला स्पर्श केला. तो हलला नाही. मग त्यांनी सगळा तळवा टेकवून त्याला कुरवाळले.

बस्स, एवढेच. पण एवढ्याने त्या माणसाचे आयुष्य बदलले. पुढची चाळीस वर्षे ते हेच सांगत राहिले की ह्याला भिऊ नका. गावच्या कोळ्यांना सांगितले, स्वतःच्या मुलांना शिकवले, परदेशातून आलेल्या शास्त्रज्ञांना आणि पाहुण्यांना होडीतून नेऊन दाखवले. बोलण्यापेक्षा होडीतच त्यांची शाळा जास्त भरली. आजही तिथले नाखवे शिस्तीने वागतात. देवमाशाचा पाठलाग करायचा नाही. आई आणि पिल्लू ह्यांच्या मध्ये होडी घालायची नाही. इंजिन मंद गुरगुरत ठेवायचे, म्हणजे होडी कुठे आहे हे तिला कळते, आणि थांबायचे. तिला वाटले तर ती येते. कधी कधी आई पिल्लाला पाठीवर उचलून माणसांपुढे आणते. हे आम्हाला फार नवलाचे वाटते. ह्याच पाण्यात माणसांनी तिच्या जातीची पिल्ले मारली होती ना!

सरकारनेही लक्ष घातले. 1979 मध्ये खाडी देवमाशांसाठी राखीव झाली. 1993 मध्ये युनेस्कोने ह्या खाड्यांना जागतिक वारसा म्हटले. हंगामात पाहुण्यांच्या होड्यांवर मर्यादा असते. पाहुणे आणणाऱ्या कोळ्याला त्यातून चार पैसे मिळतात, आणि माशाचे जाळे काही महिने विसावते.

मग एक मोठी अडचण आली. 1990 नंतरच्या वर्षांत तिथे प्रचंड मिठागर काढायचा बेत झाला. मेक्सिको सरकार आणि एक जपानी कंपनी ह्यांची त्यात भागीदारी होती. मिठागर म्हणजे काय, हे आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. पण हे एवढे मोठे होते की खाडीचे पाणी पंपांनी सतत उपसले जाणार होते. बेत मांडणारे नोकऱ्यांचे वचन देत. गरीब गावाला ते वचन लहान नव्हते, आणि तिथली माणसे दोन्ही बाजूंनी बोलत होती. त्यांना आम्ही दोष देणार नाही. पोटाचा प्रश्न खोटा नसतो. पाचिको नाखवा मात्र विरोधात उभे राहिले. खाडी गेली तर मासे जातील आणि देवमासेही जातील, असे त्यांचे म्हणणे. देशोदेशींच्या लोकांनी पाठिंबा दिला. शेवटी मार्च 2000 मध्ये राष्ट्राध्यक्ष एर्नेस्तो सेदियो ह्यांनी बेत रद्द केला.

नाखवा 2013 मध्ये वारले. त्यांची मुले आज पाहुण्यांना खाडीत नेतात.

इकडे उत्तरेच्या समुद्रात मात्र काही बिनसले आहे. तिथला बर्फ कमी होत चालला, तळाचे खाणे घटले, आणि 2019 पासून करडे देवमासे खूप मेले. 2016 च्या सुमारास ते 27 हजारांच्या आसपास होते. 2025 च्या मोजणीत सुमारे 13 हजार भरले. पिल्लेही कमी झाली आहेत. काही देवमासे खाडीत येतात ते इतके हडकलेले की मानेमागे खळगा दिसतो. पाहुण्यांना घेऊन निघालेला नाखवा आता तो खळगाही बोट करून दाखवतो.