उग्र तारुण्यपीटिका : औषध की त्वचेचे सोलण?

वयात येणाऱ्या मुलामुलींच्या चेहऱ्यावर उठणाऱ्या मुरुमांना तारुण्यपीटिका म्हणतात. बहुतेकांना हा काही काळाचा त्रास असतो. थोड्या जणांना मात्र चेहरा, छाती व पाठ यांवर वाटाण्याएवढ्या दुखऱ्या गाठी येतात, त्यांत पू होतो आणि त्या बसल्यावर मागे खड्डे उरतात. हे खड्डे आपोआप भरून येत नाहीत. म्हणून या उग्र प्रकारात प्रथम कोणता उपचार करावा, या प्रश्नाला फार महत्त्व आहे.

त्वचेतील केशकूपाला जोडून तैलग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजेन या संप्रेरकांमुळे ती अधिक स्निग्ध द्रव्य स्रवू लागते. त्याच सुमारास कूपाच्या मुखाशी मृत पेशी साचून जणू बूच बसते. कोंडलेल्या द्रव्यावर जंतू पोसतात व दाह सुरू होतो. पुढे कूपाची भिंत फुटली की हा दाह अंतस्त्वचेत पसरतो आणि तेथे गाठ बनते. साबणाने चेहरा कितीही घासला तरी ती का जात नाही, हे यावरून ध्यानात येईल.

अम्ल लावून त्वचेचा वरचा थर काढण्याच्या पद्धतीस ‘केमिकल पील’ म्हणतात. ती नवी नाही; जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सन उन्ना यांनी सॅलिसिलिक अम्लाच्या या गुणाचे वर्णन १८८२ मध्येच केले होते. सौम्य सोलणाने कूपाचे मुख मोकळे होते, काळे ठिपके व डाग फिकट होतात. परंतु ते गाठीपर्यंत पोहोचत नाही. अधिक खोल सोलावे, तर सावळ्या त्वचेवर नवे काळे डाग उमटण्याचे भय असते. भारतात ही गोष्ट विसरून चालणार नाही.

गाठीवरील उपचार आतूनच व्हावा लागतो. पुष्कळदा वैद्य प्रथम काही महिने पोटात प्रतिजैविक व वरून बेंझॉइल पेरॉक्साइडचा लेप देतात. त्याने भागले नाही किंवा खड्डे पडू लागले, तर आयसोट्रेटिनॉइनचा विचार होतो. अ जीवनसत्त्वाच्या कुळातील हे औषध तैलग्रंथीच आकुंचित करते. गॅरी पेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, इतर उपचारांना न जुमानणाऱ्या १४ रुग्णांपैकी १३ जणांची त्वचा पूर्ण स्वच्छ झाली. १९८२ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली.

एवढ्या प्रभावी औषधाची किंमतही मोठी आहे. ओठ जवळजवळ सर्वांचेच सुकतात. रक्तातील मेद व यकृत यांची तपासणी करावी लागते. सर्वांत गंभीर धोका गर्भाला असतो. गर्भवती स्त्रीने हे औषध घेतल्यास बालकाच्या मेंदूत, हृदयात व कानांत व्यंगे उद्भवू शकतात. म्हणून उपचारापूर्वी गर्भ नसल्याची खात्री करतात, आणि उपचार चालू असताना व तो संपल्यावर एक महिना गर्भधारणा कटाक्षाने टाळावी लागते. दुकानातून परस्पर आणून घेण्याचे हे औषध नव्हे.

सोलणाचा खरा उपयोग दाह शमल्यावर, मागे राहिलेल्या डागांसाठी होतो. आयसोट्रेटिनॉइन थांबवून सहा महिने लोटल्याखेरीज त्वचेला हात लावू नये, असा पूर्वी दंडक होता. भारतीय त्वचाशल्यतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये पुराव्यांची छाननी करून, वरवरच्या सोलणासाठी एवढे थांबण्याची आवश्यकता नाही, असे मत दिले. खोल सोलणाला मात्र ही मोकळीक नाही.