फुलपाखरे त्यांच्याही पोटात!

रविवारी विहारात मुलामुलींचा इंग्रजीचा वर्ग भरतो. त्या दिवशी नोकरीच्या मुलाखतीचा सराव चालला होता. बारावी झालेली एक मुलगी आधी घाबरली, मग सावरली आणि धीटपणे म्हणाली, "आय हॅव लॉस्ट माय नर्व्ह!" तिला सांगायचे होते, 'माझा नर्व्हसपणा गेला.' वाक्याचा अर्थ मात्र झाला, 'माझे अवसानच गळाले!' व्याकरण बरोबर, शब्द ओळखीचे, तरी अर्थ नेमका उलटा. दोष तिचा नाही. हा शब्दच दुतोंडी आहे.

'नर्व्ह' मूळचा लॅटिनमधला. तिथे त्याचा अर्थ शीर, कंडरा, धनुष्याची दोरीसुद्धा. म्हणजे तो बळाचा शब्द. पुढे शरीरशास्त्रात मज्जातंतूंना हे नाव मिळाले आणि मनाने हळवा झालेला माणूस 'नर्व्हस' ठरला. जुना अर्थ मात्र मेला नाही. म्हणून एकवचनी 'नर्व्ह' म्हणजे बहुधा धैर्य आणि अनेकवचनी 'नर्व्हज' म्हणजे बहुधा घबराट. 'लूज युवर नर्व्ह' म्हणजे धीर सुटणे, 'कीप युवर नर्व्ह' म्हणजे न डगमगणे. 'अ बंडल ऑफ नर्व्हज' म्हणजे सदा धास्तावलेला माणूस. पण 'नर्व्हज ऑफ स्टील' म्हणजे पोलादी मनाचा! आणि 'ही गेट्स ऑन माय नर्व्हज' यात भीतीचा संबंधच नाही. 'तो माझे डोके उठवतो,' एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून आमचे सांगणे असे की, इंग्रजी शब्द सुटा पाठ करू नये, त्याच्या सोबत्यांसह पाठ करावा. आपण 'धाडस करतो', म्हणून मुले 'डू करेज' म्हणतात. इंग्रजीत धैर्य 'करत' नाहीत, एकवटतात. त्यासाठी 'प्लक अप करेज' म्हणावे. हा 'करेज' शब्दही लॅटिनमधल्या हृदयवाचक शब्दापासून आला आहे. आपणही हिंमतवान माणसाला मोठ्या काळजाचा म्हणतोच की!

आपल्या मुलांना वाटते, घाबरतो तो वस्तीतला मुलगा. फाडफाड इंग्रजी बोलणारा कशाला घाबरेल? पण त्याची भाषाच त्याची चुगली करते. परीक्षेच्या दारात आपल्या पोटात गोळा येतो, तर त्याच्या पोटात फुलपाखरे उडतात, 'बटरफ्लाइज इन द स्टमक'. निकालाच्या दिवशी आपला जीव टांगणीला लागतो, तर तो टाचण्यासुयांवर बसतो, 'ऑन पिन्स अँड नीडल्स'. आपल्याला दरदरून घाम फुटतो, त्याला 'कोल्ड स्वेट' येतो. ऐन वेळी माघार घेणाऱ्याचे पाय गार पडतात, 'गेट कोल्ड फीट'. भीती कोणत्याही एका जातीची, वर्गाची वा भाषेची मालमत्ता नाही.

आता दोन शब्दांविषयी जरा थांबून विचार करू. पहिला, 'डच करेज'. सतराव्या शतकात इंग्रज आणि डच यांच्यात युद्धे झाली. दारू पिऊन आलेल्या उसन्या धाडसाला इंग्रजीत आजही 'डच करेज' म्हणतात. पंचशील घेणाऱ्या आपल्या घरात असले बाटलीतले धाडस नकोच. दुसरे असे की, इथे एका समाजाचे नाव टिंगलीसाठी वापरले आहे. आपल्या वाडवडिलांच्या जातीच्या नावाने रचलेल्या म्हणी आपण ऐकल्या आहेत आणि त्या किती बोचतात हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून हा शब्द समजून घ्यावा, पण दुसऱ्याला हिणवण्यासाठी वापरू नये.

दुसरा शब्द पुन्हा 'नर्व्ह'च. 'ही हॅड द नर्व्ह टू आस्क' याचे दोन अर्थ निघतात. एक, त्याने विचारण्याचे धैर्य दाखवले. दुसरा, विचारायची याची हिंमत कशी झाली! शब्द तेच, पण बोलणारा कोण यावर अर्थ फिरतो. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो लोकांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. आपल्या दृष्टीने ते धैर्य होते. ज्यांनी नंतर लोकांवर हल्ला केला आणि तळ्याचे 'शुद्धीकरण' केले, त्यांच्या दृष्टीने तो उद्धटपणा होता. आजही आपल्या मुलीने हक्काचा प्रश्न विचारला की कोणी तिला आगाऊ म्हणेल. तेव्हा तिने खचू नये. धैर्याला उद्धटपणा म्हणण्याची खोड जुनी आहे.

मग भीतीचे करायचे काय? मज्झिम निकायातील भयभेरव सुत्तात तथागतांनी स्वतःचा अनुभव सांगितला आहे. बोधी मिळण्यापूर्वी ते रात्री अरण्यात राहत. हरीण आले, मोराने काटकी पाडली, वाऱ्याने पाला सळसळला, की भय वाटे. चालताना भय आले तर ते चालता चालताच त्याला आवरीत, बसले असताना आले तर बसूनच. भय जाईपर्यंत ते आपली स्थिती बदलत नसत. भीती येणे हा कमीपणा नव्हे, हे त्यातून शिकावे. भीती आली तरी आपण जागा सोडायची नाही.

आम्ही हे वर्गात सांगितले. मग त्या मुलीला फळ्यापाशी बोलावले आणि तिचे वाक्य तिलाच दुरुस्त करायला सांगितले. तिने थोडा विचार केला, खडू उचलला आणि लिहिले : 'आय वॉज नर्व्हस, बट आय केप्ट माय नर्व्ह.' मी घाबरले होते, पण धीर सोडला नाही. दोन्ही शब्द आपापल्या जागी! पालकांनी हे वाक्य आपल्या मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावे, आणि स्वतःही म्हणून पाहावे.