बंद डब्यात किडा आला कुठून?

डबा स्टीलचा, झाकण घट्ट. तांदूळ भरताना निवडला होता, पाखडला होता, उन्हाच्या तिरपेला धरून पाहिलाही होता. एक किडा दिसला असेल तर शपथ! आणि दोन महिन्यांनी झाकण उघडावं तर डब्याच्या कडेनं टोके तुरुतुरु वर चढतायत. आले कुठून?

हा प्रश्न फार जुना आहे. कित्येक शतकं माणसांना वाटायचं की धान्य जुनं झालं, मांस नासलं, की त्यातून किडे आपोआप उपजतात. १६६८ साली फ्रान्सेस्को रेदी या इटालियन वैद्यानं काही बरण्यांत मांस उघडं ठेवलं, काहींच्या तोंडावर कापड बांधलं आणि दाखवून दिलं की अळ्या होतात त्या माश्यांनी घातलेल्या अंड्यांमधूनच. किड्याला आई लागतेच. मग आपल्या डब्यातल्या टोक्यांची आई कुठे होती?

ती गोदामात होती. दुकानातल्या पोत्यात होती. आणि तिनं आपलं काम तुम्ही तांदूळ विकत घेण्याआधीच उरकलं होतं.

टोका, सोंडा, पोरकिडा, तुमच्याकडे जे नाव असेल ते घ्या. एखादा सुपात पकडा आणि भिंग घेऊन बघा. बोट लागताच तो पाय पोटाशी घेतो आणि मेल्यासारखा पडून राहतो, त्यामुळे निरखायला वेळ मिळतो. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर. पाठीवर चार फिकट तांबूस ठिपके. तोंडापुढे बाक असलेली सोंड, आणि त्या सोंडेच्या अगदी टोकाला इवलेसे जबडे! मादी या जबड्यांनी कडक दाण्यात बारीक भोक पाडते, मग उलटी फिरून त्यात एक अंडं घालते आणि वरून चिकट स्राव सोडून भोक बुजवते. हे बुजवणं इतकं बेमालूम असतं की साध्या डोळ्यांना कळत नाही. प्रयोगशाळेत दाण्यांवर एक खास रंग चढवतात, तेव्हा कुठे ती बुचं लाल होऊन उमटतात. अशी शेकडो अंडी ती आयुष्यभरात घालते.

आत अंडं फुटतं. बिनपायाची पांढरी अळी बाहेर येते, आणि तिला पाय हवेत कशाला? चारी बाजूंनी जेवणच आहे. ती दाणा आतून पोखरत वाढते, तिथेच कोष करते, तिथेच तिचा भुंगेरा होतो. आपल्याकडच्या उकाड्यात या सगळ्याला साधारण महिना लागतो. संवेदनशील मायक्रोफोन लावला तर दाण्याच्या आत अळी कुरतडत असल्याचा आवाजही टिपता येतो. तुम्ही निवडलेला, पाखडलेला, स्वच्छ तांदूळ डब्यात ओतलात, तेव्हा ती आत जेवत बसली होती.

आता मला सगळ्यात जास्त थक्क करणारी गोष्ट सांगतो. भुंगेऱ्याचं कवच टणक आणि काळसर असतं. ते तसं व्हायला टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर लागतं, आणि तांदूळ-गव्हात ते पुरेसं नसतं. निव्वळ भातावर चिलखत बनवायचं कसं? टोक्याच्या शरीरात खास पेशी असतात आणि त्या पेशींत जिवाणू राहतात. हे जिवाणू बाहेरून येत नाहीत, आईकडून अंड्यातूनच मिळतात. टायरोसिनसाठी लागणारा कच्चा माल तेच पुरवतात. भुंगेरा कोषातून तयार झाला की त्यांची संख्या झपाट्यानं वाढते, कवच भराभर पक्कं होतं. आणि मग? कवच तयार झालं की दोनेक आठवड्यांत टोका आतड्यालगतचे जिवाणू पचवून टाकतो! काम झालं, आता त्यांना पोसायचं कशाला? फक्त मादीच्या अंडाशयात ते शिल्लक राहतात, पुढच्या पिढीसाठी. तीन मिलिमीटरच्या जिवाचा हा हिशेब कोणी मांडला असेल!

आणि पाणी? डब्यात पाण्याचा थेंब नाही. दाण्यात ओलावा असतो तो शंभर ग्रॅममागे बारा-चौदा ग्रॅम. त्यावर भागत नाही, म्हणून उरलेलं पाणी किडा स्वतःच्या शरीरात तयार करतो. पेटत्या मेणबत्तीवर क्षणभर थंड पळी धरली तर तिच्यावर बाष्प धरतं. जळताना मेणातल्या हायड्रोजनचं पाणी होतं. किड्याच्या पेशींत पिठूळ अन्नाचं तेच होतं, फक्त ज्योत नसते. पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्याची तऱ्हा तर आणखी न्यारी. हवा दमट असली की तो गुदद्वार उघडतो आणि हवेतली वाफ शोषून घेतो. पावसाळ्यात पीठ लवकर का किडतं, याचं थोडं उत्तर इथेही आहे.

पण ही पाण्याची युक्तीच त्यांचं मर्मस्थानही आहे. अन्नापासून पाणी करायचं तर ऑक्सिजन हवा. तो संपला तर? आपल्याला वाटतं, किडे गुदमरून मरतील. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात चवळीच्या भुंग्यावर झालेल्या अभ्यासात वेगळंच दिसलं. ऑक्सिजन खूप कमी झाला की भुंग्याच्या अळ्या खाणं थांबवतात. खाणं थांबलं की पाणी बनणं थांबतं, आणि त्या तहानेनं मरतात. शिवाय तो ऑक्सिजन बव्हंशी त्यांनीच संपवलेला असतो! याच तत्त्वावरच्या तीन पदरी हवाबंद पिशव्या आज आफ्रिकेत शेतकरी चवळी साठवायला वापरतात. औषध नाही, धूर नाही.

आपल्याकडे हे पेवानं कधीच साधलं होतं. सांगलीजवळचं हरिपूर हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध. जमिनीत खोल खोदलेली, तोंडाशी अरुंद, भरून झाल्यावर वरून मातीनं लिंपून टाकलेली. हळदीला कीड लागत नाही असं समजू नका. हळकुंडं, धणे, मिरची, तंबाखू, सगळं मिटक्या मारत खाणारा एक तपकिरी भुंगेरा आहे. त्याच्या पोटात यीस्टसारखी बुरशी राहते, ती त्याला जीवनसत्त्वं पुरवते आणि अन्नातली विषं निकामी करायला मदत करते. मादी अंड्यांना ही बुरशी माखते, अळी जन्मताच अंड्याचं कवच खाते आणि शिदोरी मिळवते. इजिप्तच्या तुतनखामेनच्या थडग्यातही या भुंगेऱ्याचे अवशेष मिळाले आहेत. एवढा चिवट प्राणी, पण पेवात त्याचं काही चालत नाही. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे, आधी कंदील सोडून बघत. कंदील विझला तर आत पुरेसा प्राणवायू नाही. जी हवा माणसाला मारते तिनंच हळद वर्षानुवर्षं राखली. २००५च्या महापुरात पाणी शिरून यातली बरीच पेवं निकामी झाली, याची मला फार हळहळ वाटते.

मग आपल्या स्टीलच्या डब्यात हे का होत नाही? कारण त्याचं झाकण घट्ट असलं तरी हवाबंद नसतं, आणि डबा अर्धा रिकामा असला की आत हवाच हवा. रबराची कडी असलेली बरणी घ्या आणि ती गळ्यापर्यंत भरा. एका मोठ्या पिंपापेक्षा चार लहान बरण्या बऱ्या. एक उघडली तरी तीन बंद राहतात.

कडधान्याचा मामला वेगळा. मुगावर, चवळीवर, हरभऱ्यावर पांढरे ठिपके दिसतात ना? ती भुंग्याची अंडी, दाण्याच्या बाहेर चिकटवलेली. अळी अंड्याच्या तळातूनच थेट दाण्यात शिरते, आणि पुढे बाहेर पडण्यासाठी सालीखाली गोल खिडकी कोरून ठेवते. भुंगा आतून डोकं लावतो, झाकण उडतं आणि तो बाहेर येतो. बाहेर आल्यावर तो आपल्या डब्यात काहीच खात नाही. जेवण अळीच्या वयातच झालेलं असतं. अंडं बाहेर असल्यामुळेच आजीचा उपाय लागू पडतो. कडधान्याला एरंडेलाचा हात फिरवला की तेलाच्या थरानं अंड्याला हवा मिळत नाही आणि ते आतल्या आत मरतं. हाच उपाय टोक्यावर का चालत नाही, हे आता सांगायला नको. त्याचं अंडं दाण्याच्या आत, बूच लावून ठेवलेलं. आणि राख? राखेचे बारीक कण किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडतात, त्याचं पाणी उडून जातं. पुन्हा तहानच.

थोडक्यात, दिसणारे किडे वेचून काम भागत नाही. मारायची आहे ती न दिसणारी पिढी. तांदूळ-रवा-मैदा आणला की पिशवीसकट फ्रीजरमध्ये उणे अठरा अंशांना निदान चार दिवस ठेवा. मोठी पिशवी असेल तर आठवडाभर, कारण मधल्या भागापर्यंत गारवा पोचायला वेळ लागतो. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर दव धरेल. गहू-कडधान्याला ऊन द्यायचं तर थर पातळ हवा. जाड थरात वरचे टोके सावलीकडे पळतात आणि आतली अळी सुखात राहते. तांदूळ मात्र कडक उन्हात घालू नका, दाणा फुटतो. भाजलेल्या रव्याला कीड कमी लागते ती याच कारणानं: भाजताना अंडीही मरतात आणि ओलावाही जातो.

चार टोके निघाले म्हणून तांदूळ टाकायचं कारण नाही. चाळा, पाण्यात घाला, पोकळ दाणे वर तरंगतील ते ओतून द्या. किडे चावत नाहीत. पण पिठाला उग्र वास येत असेल, रंग लालसर झाला असेल, तर ते टाकून द्या. तो वास तांबड्या भुंगेऱ्यांनी सोडलेल्या रसायनांचा असतो.

आणि एक कळकळीची विनंती. गोदामात वापरतात त्या अ‍ॅल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कधीही आणू नका. त्यातून सुटणारा फॉस्फिन वायू झोपेतल्या माणसांचे जीव घेतो. पाऱ्याच्या गोळ्याही धान्यात नकोत. किडलेला डबा रिकामा करा, कडेच्या खाचेतलं पीठ ब्रशनं काढा, धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. आणि जुनं धान्य संपल्याशिवाय त्यावर नवं ओतू नका.