गाडी का तापते?

रायगडच्या किनाऱ्यावर जुन्या व्हॅन अजून पुष्कळ आहेत. अलिबागला जा, मुरूडला जा, श्रीवर्धनला जा, एखादी तरी मारुती व्हॅन दिसतेच. ही गाडी १९८४ साली आली. पुढे तिला ओम्नी म्हणू लागले. २०१९ साली ती बनवणे बंद झाले. पण जुन्या गाड्या राबतच आहेत. कोणी तिच्यातून मासळी नेतो, कोणी मंडपाचे सामान नेतो. अडीनडीला आजारी माणूसही तिच्यातूनच दवाखान्यात जातो. शहरातली काही हौशी मंडळी तर जुन्या गाडीत गादी आणि शेगडी मांडतात नि समुद्राकाठी मुक्कामाला येतात.

अशा जुन्या गाडीचे एक दुखणे नेहमीचे. ती तापते. काटा वर चढतो, वाफ येते, गाडी वाटेतच बसते. मग कोणी म्हणतो, पाणी घाला. कोणी म्हणतो, पंखा बदला. कोणी म्हणतो, इंजिनच गेले. खरे काय ते कसे कळायचे? ते आपण नीट समजून घेऊ.

इंजिनाला पाणी कशाला?

इंजिनात पेट्रोल जळते. त्याची मोठी आग होते. थोडी आग गाडी ओढते, बाकीची नुसती उष्णता होते. ती बाहेर काढली नाही तर लोखंड फुगेल आणि इंजिन जाम होईल. म्हणून इंजिनाच्या अंगात पाणी खेळवलेले असते. एक पंप हे पाणी फिरवतो. गरम पाणी रेडिएटरमध्ये येते. रेडिएटरला बारीक नळ्या असतात आणि त्यांना पातळ पत्र्याच्या पापड्या असतात. त्यांतून वारा गेला की पाणी निवते आणि परत इंजिनात जाते.

वाटेत एक झडप असते. तिला थर्मोस्टॅट म्हणतात. इंजिन गार असते तेव्हा ती बंद राहते. पाणी सुमारे ८० अंशांपर्यंत तापले की ती उघडू लागते आणि पाणी रेडिएटरकडे सोडते.

आता वारा कुठून येतो? गाडी पळत असली की समोरून आपोआप येतो. गाडी उभी असली की येत नाही. तेव्हा वारा देण्यासाठी पंखा असतो. ओम्नीचा पंखा विजेवर चालतो. पाणी फार तापले की तो आपोआप सुरू होतो आणि पाणी निवले की बंद होतो.

आधी एक प्रश्न विचारा

गाडी तापली की पहिला प्रश्न हा: ती कधी तापली? उभी असताना, की पळताना? वैद्य विचारतो ना, ताप सकाळी येतो की रात्री? तसेच हे आहे.

वडखळच्या गर्दीत अडकल्यावर काटा चढला आणि मोकळ्या रस्त्याला लागताच उतरला, तर संशय पंख्यावर घ्या. गाडी पळते तेव्हा वारा समोरून मिळतो. उभी राहते तेव्हा पंख्यावाचून मिळत नाही.

याउलट गर्दीत ठीक, पण कार्ले खिंडीच्या किंवा कशेडी घाटाच्या चढावर काटा चढला, तर आधी पंख्याला दोष देऊ नका. पाणी कमी झाले असेल. रेडिएटर आतून गाळाने बुजला असेल. पट्टा सैल होऊन पंप नीट फिरत नसेल. किंवा थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असेल.

पंखा कसा तपासायचा?

गाडी उघड्यावर उभी करा. बंद पडवीत नको, धुराने जीव घाबरा होतो. हँडब्रेक ओढा. पाणी पुरेसे आहे ना, ते इंजिन गार असतानाच बघा. मग इंजिन चालू ठेवून काट्यावर नजर ठेवा. काटा निम्म्याच्या थोडा वर गेला की पंखा सुरू व्हायला हवा. काटा चढतच गेला आणि पंखा गप्प राहिला, तर इंजिन लगेच बंद करा.

इंजिन पुरते निवल्यावर एकेक गोष्ट क्रमाने बघा.

पहिला फ्यूज. जळला असेल तर तेवढ्याच अँपियरचा नवा घाला. नुसती तार गुंडाळू नका. तार तापते आणि गाडी पेट घेते. नवा फ्यूजही लगेच जळला तर मोटर अडकली आहे, नाहीतर वायर कुठेतरी उघडी पडली आहे.

दुसरा जोड. आपल्याकडे खारा वारा आहे. तांब्यावर हिरवी बुरशी चढते, लोखंडाला गंज येतो. जोड घासून साफ करा. अर्थिंगची वायर तर जरूर बघा. पुष्कळदा दुखणे एवढेच असते.

तिसरी मोटर. मेकॅनिककडून तिला बॅटरीचा करंट थेट देववा. फिरली नाही, तर मोटर गेली. फिरली, तर मोटर चांगली आहे. मग दोष सेन्सरचा, रिलेचा किंवा वायरचा. मोटर बदलून पैसे वाया घालवू नका.

पंखा फिरला तरी वारा कुठे जातो तेही बघावे. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर पुढून धरलेला कागद जाळीला चिकटला पाहिजे. कागद उडाला, तर वायरी उलट्या जोडल्या आहेत.

एक सांभाळा. गाडी बंद असली तरी काही गाड्यांचा पंखा अचानक सुरू होतो. बॅटरीची वायर काढल्याशिवाय पंख्याजवळ बोट नेऊ नका.

पाणी कोणते घालावे?

किनाऱ्याच्या पुष्कळ विहिरींचे पाणी मचूळ असते. ते घातले की आत क्षार बसतो नि गंज चढतो. माठावर पांढरा थर चढतो, तसाच थर नळ्यांत चढतो. म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर वापरावे. अडचणीत साधे पाणी घातले तर घरी आल्यावर ते बदलून टाकावे.

पाणी वरचेवर कमी होते, पण खाली थेंब दिसत नाही. मागून पांढरा धूर येतो. ऑइल दुधासारखे दिसते. अशी लक्षणे दिसली तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्या. मग गाडी चालवू नका. मेकॅनिकला बोलवा.

कोणी सांगतात, थर्मोस्टॅट काढून फेका, कटकट मिटेल. तसे करू नका. इंजिन मग नीट तापत नाही. पेट्रोल जास्त खाते आणि झिजतेही लवकर. झडप बिघडली तर नवी घाला.

वाटेत तापली तर?

काटा वर जाताच गाडी कडेला घ्या. इंजिन बंद करा. माणसांना खाली उतरवून सावलीत बसवा. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. म्हणून पुढे कोणीही बसून राहू नये.

आता सर्वांत मोठी गोष्ट. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. पाणी उघड्या भांड्यात १०० अंशाला उकळते. पण रेडिएटर बंद असतो, आत दाब असतो. म्हणून तेथे पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. कुकरसारखेच हे आहे. शिट्टी न काढता कुकर उघडला तर काय होईल? झाकण उघडताच दाब सुटतो आणि उकळते पाणी तोंडावर उडते. डोळे जातात, चेहरा भाजतो. कितीही घाई असो, निदान अर्धा तास थांबा. हात लावून गार वाटले, तरच जाड फडके ठेवून झाकण हळूहळू फिरवा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, लोखंडाला तडा जाईल.

गाडीत आजारी माणूस असेल तर थांबायला वेळ कुठला? तेव्हा दुसरी गाडी थांबवा किंवा १०८ ला फोन करा. तापलेली गाडी तशीच दामटली तर ती पुढे बंद पडेल आणि रोगी जास्त अडचणीत येईल.

कोणी भाजलेच तर त्या जागेवर २० मिनिटे साधे गार पाणी सोडा. तूप, शाई, दंतमंजन काही लावू नका. मग आरोग्य केंद्रात न्या.

दुखणे अंगावर काढू नये, असे आपण माणसाला सांगतो. गाडीलाही ते लागू आहे. फ्यूज थोड्या पैशांत येतो. इंजिन जळले तर वर्षाची कमाई जाते. म्हणून आठवड्यातून एकदा, सकाळी, इंजिन गार असताना पाणी बघा, पट्टा बघा, जोड बघा. आणि गाडी तापलीच, तर आधी स्वतःला विचारा: उभी असताना, की पळताना?